तिसरा वाटा

(तृतीय वर्ष, कला)

अर्थशास्त्राच्या तासाला मला डुलकी येते, हे आरंभीच प्रांजळपणे कबूल करून टाकते. सरांनी क्षमा करावी. मी मराठीची विद्यार्थिनी. मागणी आणि पुरवठ्याच्या रेषा एकमेकींना कोठे छेदतात, यापेक्षा खिडकीबाहेरच्या कडुनिंबावर भारद्वाज कोठे बसला आहे, इकडेच माझे लक्ष अधिक. परंतु गेल्या पावसाळ्यातल्या एका तासाला मी टक्क जागी होते आणि त्या तासाने माझी पुढच्या कित्येक रात्रींची झोपही घालवली. त्याचीच ही हकीकत.

त्या दिवशी सरांनी फळ्यावर 'सार्वजनिक वस्तू' असे शब्द लिहिले. रस्त्यावरचा दिवा, बंदरावरचा दीपस्तंभ, शहरातली बाग, डोंगरातली पायवाट, रानातले वन्यप्राणी. यांचा लाभ सर्वांना होतो. पण दिव्याखालून जाणाऱ्या प्रत्येकाकडून उजेडाचे पैसे वसूल करता येत नाहीत. म्हणून कोणी व्यापारी दिवा लावायला पुढे येत नाही. ते काम सरकारला करावे लागते, सार्वजनिक पैशातून, अनुदान देऊन. सरांनी अमेरिकेचे उदाहरण दिले. तिथे १९६४ साली एक कायदा झाला. समुद्रातल्या तेलविहिरींपासून सरकारला मिळणाऱ्या उत्पन्नातला काही भाग बाजूला काढायचा आणि त्यातून बागा, पायवाटा, नदीकाठ, क्रीडांगणे यांसाठी राज्यांना व गावांना अनुदान द्यायचे. २०२० साली तर त्यासाठी दरवर्षी ९० कोटी डॉलरची कायमची तरतूद झाली. अटी मात्र कडक. निम्मा वाटा स्थानिकांनी उचलायचा आणि त्या पैशातून उभी राहिलेली बाग, तेवढ्याच मोलाची दुसरी जागा दिल्याशिवाय, अन्य कामाला लावायची नाही.

मग सर आपल्याकडे वळले. १ एप्रिल १९७३ रोजी व्याघ्र प्रकल्प सुरू झाला. पहिल्या नऊ क्षेत्रांत आपला मेळघाट होता. २०२५ सालापर्यंत देशात अशी ५८ क्षेत्रे झाली. आणि खर्चाची वाटणी? सरांनी खडूने लिहिले, केंद्र ६०, राज्य ४०. खाली रेघ ओढली, बेरीज केली आणि हात झटकत म्हणाले, "झाले शंभर!"

शेजारच्या मैत्रिणीने मला कोपर मारले. "तुझ्या गावचा वाघ गं! तुमची बाई मजा आहे. गॅस अनुदानावर, कुंपण अनुदानावर, सगळंच अनुदानावर."

मीही हसले. पण फळ्यावरच्या त्या शंभराकडे पाहताना मला उगीचच वाटू लागले की, या बेरजेत काहीतरी राहिले आहे.

माझे गाव ताडोब्याच्या बफर क्षेत्रात आहे. बफर हा शब्द आमच्याकडे आता इतका रुळला आहे की, आजीसुद्धा तो मराठीच समजते. पन्नास-साठ कवेलूची घरे, एक तलाव, धानाच्या बांध्या आणि बांध्यांच्या धुऱ्यापासूनच सुरू होणारे जंगल. कुंपण नाही, फाटक नाही. जंगल कोठे संपते आणि गाव कोठे सुरू होते हे माणसांना ठाऊक आहे. जनावरांना ते अजून कोणी सांगितलेले नाही.

ताडोबा हे नाव तारू या देवावरून पडले, असे आमच्याकडे सांगतात. तारू हा एका गावचा प्रमुख. वाघाशी झुंजताना तो मेला आणि लोकांनी त्याला देव केले. तळ्याच्या काठी झाडाखाली त्याचे ठाणे आहे. पूर्वी पौष महिन्यात तिथे गोंड लोकांची मोठी जत्रा भरत असे. आजी लहानपणी बैलबंडीत बसून त्या जत्रेला गेलेली आहे. वाघाने मारलेल्या माणसाला देव करायचे आणि त्याच रानात वाघाबरोबर पिढ्यान् पिढ्या नांदायचे, ही आमची रीत कोणत्याही योजनेच्या आधीची आहे.

योजना नंतर आल्या. १९५५ साली ताडोबा राष्ट्रीय उद्यान झाले, तेव्हा चांदा जिल्हा मध्य प्रदेशात होता. उद्यान होते ११६.५५ चौरस किलोमीटरचे. १९८६ साली शेजारी अंधारी अभयारण्य झाले. १९९५ साली दोन्ही मिळून व्याघ्र प्रकल्प झाला, ६२५ चौरस किलोमीटरचा. त्यानंतर २०१० साली सभोवतालचे सुमारे अकराशे चौरस किलोमीटर बफर म्हणून जाहीर झाले आणि आमचे गाव, जागचे जराही न हलता, व्याघ्र प्रकल्पात जाऊन बसले. २०२२ च्या गणनेत महाराष्ट्रात ४४४ वाघ निघाले. चार वर्षांपूर्वी ते ३१२ होते. वर्तमानपत्रात ही बातमी वाचून वसतिगृहातल्या मुलींनी माझे अभिनंदन केले. जणू ते वाघ आमच्या गोठ्यातच वाढलेले!

गोठ्यातच, असे म्हणायला तसा आधारही आहे.

मी बारावीत होते तेव्हाची गोष्ट. आमच्याकडे कपिला नावाची गाय होती. दूध फार नव्हते, पण घरचा चहा व्हायचा आणि शेजारी लहान मूल असेल तर पेलाभर देता यायचे. एका संध्याकाळी गायकी ढोरे घेऊन आला, त्यात कपिला नव्हती. बा आणि काका टॉर्च घेऊन धुऱ्यापर्यंत जाऊन आले. पुढे जाण्याची कोणाची छाती झाली नाही. सकाळी नाल्याच्या काठी बांबूच्या रांजीजवळ ती सापडली. मागचा भाग खाल्लेला होता. गळ्यातली घंटा तशीच होती.

अशा वेळी रडण्यापूर्वी करायची कामे असतात. अठ्ठेचाळीस तासांच्या आत वनखात्याला कळवावे लागते. पंचनामा होईपर्यंत जनावर जागचे हलवायचे नसते. वनरक्षक आले, जनावरांचे डॉक्टर आले, सरपंच आले. मोजमाप झाले, फोटो निघाले, बाने सही केली. तेवढा वेळ आजी बांधावर बसून होती. कोणीतरी वाघाला शिवी घातली तेव्हा ती एवढेच म्हणाली, "त्याले बी पोट हाय, बाबू. भूक लागली त खाईन नाही त काय करीन?"

नुकसानभरपाई मिळते. जनावराच्या बाजारभावाच्या पाऊण हिश्शापर्यंत, ठरलेल्या मर्यादेत. ती मिळाली, हे मी कृतज्ञतेने नमूद करते. फक्त वेळ लागला. एका कार्यालयात फोटो अस्पष्ट ठरला, दुसऱ्या टेबलावर बाच्या नावातली एक वेलांटी पासबुकाशी जुळेना. बाने त्या वेलांटीसाठी तीन वेळा एस.टी.चे भाडे भरले. या सगळ्या काळात घरात काळा चहा होता.

पैसे खात्यावर जमा झाले ते जूनमध्ये. बारावीचा निकाल लागलेला होता. दुसरी गाय घ्यायची की काय करायचे, यावर घरात फार बोलणे झाले नाही. बाने पैसे काढले, मला घेऊन चंद्रपूरला आला आणि या महाविद्यालयाच्या खिडकीत प्रवेशाची रक्कम मोजून भरली. उरलेल्या पैशांतून वसतिगृहासाठी एक पेटी आणि गादी घेतली. ती पावती माझ्याजवळ आहे. तिच्यावर विद्यार्थिनीचे नाव आहे, वर्ग आहे, रक्कम आहे. कपिलेचे नाव कोठेही नाही.

आता मैत्रिणीने म्हटलेल्या अनुदानाविषयी. ते खोटे नाही. मी प्राथमिक शाळेत असताना, २०१५ साली, राज्य सरकारने बफरमधल्या गावांसाठी डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजना काढली. गावाची समिती व्हायची, आराखडा करायचा आणि त्याप्रमाणे गॅस, सौर कुंपण, उघड्या विहिरींना कठडे अशी कामे व्हायची. विचार सरळ आहे. चूल पेटवायला बाई जंगलात गेली नाही, तर झाड वाचते, वाघाला शांतता मिळते आणि बाईही वाचते. गॅसजोडणीचा पाऊण खर्च योजनेचा, पाव खर्च घरचा.

ज्या दिवशी शेगडी घरी आली, त्या दिवशी मायने तिला हळदकुंकू वाहिले. पहिला चहा आजीला दिला. आजीने घोट घेऊन निर्णय दिला, "धुराची चव नाही." परंतु धूर नाही म्हणून मायचे डोळे निवले, हे मी स्वतः पाहिले आहे. पूर्वी एक दिवसाआड मोळीसाठी जाणारी माय आता आठ-पंधरा दिवसांतून जाते. साफच थांबली नाही. सुरुवातीची सवलत संपल्यावर सिलिंडर पूर्ण भावाने घ्यावा लागला, तेव्हापासून चहा आणि पाहुणे गॅसवर, भात मात्र चुलीवर, अशी तडजोड झाली आहे.

सौर कुंपणाचीही तीच कथा. दोन हंगाम रानडुकरे बांधीत शिरली नाहीत. मग बॅटरी बसली. नवे कुंपण घालायला पैसा असतो. बसलेल्या बॅटरीसाठी तो कोणत्या रकान्यातून आणायचा, हे कोणालाच सांगता येईना. अखेर बा पुन्हा मचाणावर जागलीला जाऊ लागला. ज्या तारांतून वीज धावायची, त्यांवर आता माय कपडे वाळत घालते.

माझा दादा जिप्सीबरोबर गाईड म्हणून जातो. त्याला प्रशिक्षण मिळाले, खाकी गणवेश मिळाला. मंगळवारी सुट्टी आणि पावसाळ्याचे तीन महिने गाभ्यातले पर्यटन बंद. एरवी रोज पहाटे तो फाटकावर असतो. वाघाच्या पावलांचे ठसे दाखवीत तो पुण्या-मुंबईच्याच काय, परदेशी पाहुण्यांशीही धीटपणे बोलतो. प्रवेशशुल्काचा पैसा पूर्वीसारखा सरकारी तिजोरीत न जाता व्याघ्र प्रकल्पाच्या प्रतिष्ठानाकडे राहावा, अशी तरतूद २००६ च्या दुरुस्तीने कायद्यात झाली. त्यातला काही भाग गावांच्या कामी येतो. ज्या वाघाने कपिला खाल्ली, त्याच्याच दर्शनावर आमच्या घराचे मीठमिरची चालते. दादा एकदा हसत म्हणाला, "आपली गाय त्यानं खाल्ली, आता त्याच्यावर आपण खाऊन राहिलो. फिटंफाट!"

पण फिटंफाट झालेली नाही. आता जे लिहायचे आहे, ते लिहिताना हात थोडा थांबतो.

आमच्या शेजारी एक काकू होत्या. मी लहान असताना त्यांच्याच हातची बोरे खाल्लेली. चैत्राच्या तोंडावर मोह गळू लागतो. पहाटे, दव असतानाच, बाया टोपल्या घेऊन निघतात, कारण ऊन चढले की अस्वल, हरिण नाहीतर दुसरे कोणी फुले खाऊन टाकते. मोह वेचायचा म्हणजे वाकावे लागते. वनखात्याचे लोक सांगतात की, वाकलेला माणूस वाघाला माणूस वाटत नाही, चार पायांचे जनावर वाटते. काकू वाकलेल्या होत्या. बरोबरच्या बायांनी एक आवाज ऐकला. टोपली मात्र सरळ उभी होती, फुलांसकट.

वन्यप्राण्याच्या हल्ल्यात माणूस दगावला तर २०२३ पासून महाराष्ट्रात पंचवीस लाख रुपये मिळतात. काही रक्कम लगेच, बाकीची बँकेत मुदत ठेवीत. काकूंच्या मुलालाही मदत मिळाली. मदत मोठी आहे आणि ती देणारे राज्य निर्दय नाही, हे मी मनापासून मानते. तो मुलगा आता घर बांधतो आहे. मी गेले तेव्हा तो विटांवर पाणी मारीत होता. मला म्हणाला, "मायचं घर हाय हे." ते घर मायसाठी आहे की मायचे आहे, हे मी विचारले नाही.

आणि माझी माय? तेराव्यानंतर ती पुन्हा मोहाला गेली. बाया घोळक्याने जातात, डबे वाजवतात, गावातल्या प्राथमिक प्रतिसाद दलाची मुले काठ्या घेऊन बरोबर असतात. मी फोनवर रागावले. "अगं, गॅस दिला ना तुम्हाला? मग रानात कशाला जाता?"

ती म्हणाली, "मोह का सिलिंडरातून गळते काय? तुह्या वसतिगृहाचे पैसे कायचे हायेत, पोरी?"

यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते. आजही नाही.

म्हणून त्या तासानंतर आठवड्याभराने मी धीर करून प्राध्यापक कक्षात गेले. सरांना म्हटले, "सर, तुमची बेरीज चुकली आहे." इतर सर्व प्राध्यापकांनी वर्तमानपत्रे खाली केली. मी घाबरत घाबरत कपिलेचे, बॅटरीचे, मोहाचे सारे सांगितले आणि विचारले की, केंद्राचे साठ, राज्याचे चाळीस, तर आमचे किती?

सरांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "त्या अमेरिकेच्या अनुदानात एक बारकावा आहे, तो मी वर्गात सांगितला नाही. स्थानिकांचा जो निम्मा वाटा असतो, तो रोखच हवा असे नाही. कोणी जमीन दान दिली, कोणी श्रम दिले, तर त्याची किंमत करून ती वाट्यात धरता येते. तू असे कर. तुमच्या घराचा वाटा मांडून आण."

मी वही घेऊन बसले. पहिला रकाना सोपा होता: कपिलेच्या बाजारभावातला उरलेला पाव हिस्सा, आणि वेलांटीपायीचे एस.टी.चे भाडे. दुसरा जागलीचा. धान निसवल्यापासून कापून घरी येईपर्यंत बाने किती रात्री मचाणावर काढल्या, हे विचारायला फोन केला, तर माय हसू लागली. "हे बी कालेजात शिकवतात काय?" तरी तिने हिशोब करून आकडा सांगितला आणि मी मजुरीच्या दराने गुणाकार केला. तिसरा रकाना भीतीपायी न वेचलेल्या मोहाचा. चौथा रकाना केला, त्याला नाव दिले 'पहाट'. माय घरातून निघाल्यापासून परत येईपर्यंत आजी दारात बसून असते, त्या वेळाचा. त्याचा दर मला कोणत्याही पुस्तकात सापडला नाही. तो रकाना मी रिकामा ठेवला आणि वही सरांना दिली. सरांनी ती बराच वेळ पाहिली. "हा प्रश्न परीक्षेत येणार नाही," ते म्हणाले, "पण वही जपून ठेव."

वाचकहो, मला वाघ नको आहे, असा अर्थ कृपा करून कोणी काढू नये. वाघ गेला तर जंगल जाईल, जंगल गेले तर नाला आटेल, आणि धान काय नुसत्या आकाशावर पिकणार आहे? शिवाय दादाचा गणवेश जाईल. अनुदान बंद करा, असेही मी म्हणत नाही. उलट बॅटरीसाठीही द्या, सिलिंडरसाठी पुढेही द्या, आणि वेलांटीवाचून अडवू नका, असे माझे म्हणणे आहे. पण त्याहून एक लहानशी गोष्ट मला मागायची आहे, आणि मराठीची विद्यार्थिनी असल्यामुळे ती एका शब्दापुरतीच आहे.

आमच्या ग्रामपंचायतीच्या भिंतीवर गॅसजोडण्यांची यादी रंगवलेली आहे. वर मोठ्या अक्षरांत लिहिले आहे, 'लाभार्थी'. त्यात सतराव्या क्रमांकावर माझ्या मायचे नाव आहे. लाभार्थी म्हणजे ज्याला लाभ हवा असतो तो, घेणारा. परंतु त्या भिंतीवरचे प्रत्येक नाव आधी देणाऱ्याचे आहे. कोणी गाय दिली, कोणी रात्री दिल्या, आणि एका घराने तर माय दिली. देशाच्या या सार्वजनिक वस्तूला ज्यांनी अनुदान दिले, त्यांची ती यादी आहे. सरकार जे देते, ती त्या वाट्याची थोडीशी परतफेड होय. ज्याच्याकडून घेतले त्याला भागीदार म्हणावे, लाभार्थी म्हणू नये, इतकेच माझे मागणे आहे. भागीदार म्हटले की, बॅटरी बसल्यावर कोणाला विचारायचे हे आपोआप ठरते.

दिवाळीला गावी गेले तेव्हा पाहिले, पावसाने ती यादी बरीच पुसट झाली होती. मायचे नाव अर्धे गेले होते. मी तिला ते दाखवायला घेऊन गेले. तिने भिंतीकडे नीट पाहिलेसुद्धा नाही. तिची नजर मागच्या जंगलावर होती. म्हणाली, "औंदा मोहाले बहर चांगला येईन, वाटते. तुह्या शेवटच्या वर्षाची फी निघून जाईन."

मी पुढच्या चैत्राचा विचार करीत गप्प उभी राहिले.